दोन ते तीन

प्रज्ञेश निमंत्रणपत्रिका घेऊन गिरणीच्या पायऱ्या चढला आणि थबकला. भरदुपारी पट्टा थांबलेला होता. बाहेरच्या कट्ट्यावर अक्काताई जोंधळ्याचा डबा घेऊन बसल्या होत्या.

"वीज गेली का हो, अक्का?"

"वीज हाय की. दोन ते तीन गिरणी बंद असती. तुझ्यापायीच सुरू झालंय ते, आणि तूच इचारतोस व्हय?"

प्रज्ञेशचा चेहरा उतरला.

सहा वर्षांपूर्वी निपाणीतल्या याच गिरणीला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत त्यानं संगणकाचे ऑनलाइन वर्ग सुरू केले होते. पहिल्याच तासाला संकेश्वरच्या एका मुलीनं विचारलं होतं, "सर, मागं विमान उतरतंय का?" दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाल्या भरमूअण्णांनी कुणी न सांगता दोन वाजता गिरणी बंद ठेवायला सुरुवात केली. "शिकीव निवांत," एवढंच म्हणाले. त्या निवांत तासावर कंपनी उभी राहिली. आज चाळीस शिक्षक होते, आणि पोरं पार धारवाडपासून शिकत होती.

चार महिन्यांपूर्वी सगळा पसारा बेळगावला हलला. गल्लीभर पेढे वाटले. अण्णा नेमके त्या दिवशी लग्नाला गेलेले. नंतर सांगू म्हणता म्हणता राहिलंच. प्रज्ञेशसाहेब कामात होते ना! आणि पलीकडच्या गल्लीत नवी गिरणी झाली होती, ती दिवसभर चालायची. आपल्या विसरण्यापायी अण्णांचं गिऱ्हाईक तुटतंय, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अण्णा आत स्टुलावर बसले होते, भुवया पिठानं पांढऱ्या.

"अण्णा, चुकलं माझं," तो दारातूनच मोठ्यानं म्हणाला. "आम्ही बेळगावला गेलो, तुम्हाला सांगायचं राहिलं. आता बंद ठेवू नका गिरणी. तुमचे उपकार..."

अण्णांनी झटकन ओठांवर बोट ठेवलं.

"हळू की रं! गेलाय ते ठावं हाय मला. खोलीचं कुलूप दिसतंय की रोज."

"मग?"

त्यांनी मागच्या खोलीकडं खूण केली. त्यांची सून रूपाली पोत्याला मोबाईल टेकवून, मांडीवर वही घेऊन बसली होती. मोबाईलमधून सौम्याचा आवाज येत होता. कंपनीची दोनची बॅच तीच घ्यायची.

"मॅडम, ह्ये परत एकदा सांगा," रूपाली म्हणाली, आणि सौम्यानं परत सांगितलं.

"तीन म्हैनं झालं," अण्णा कुजबुजले. "घरात तिला दुसरी येळ कुठली घावती? तास चालू हाय, बस गप."

प्रज्ञेशला भरून आलं. या माणसाचं आपण काहीच फेडू शकणार नाही, हे त्याला कळलं आणि उलट त्याला बरंच वाटलं. तो पोत्यावर बसला आणि हळूच पत्रिका पुढं केली.

"गुरुवारी नव्या ऑफिसचं उद्घाटन. फीत तुम्हीच कापायची."

"किती वाजता?"

"दोनला."

"मग न्हाय जमायचं. मी हितं नसलो की पोरगा गिरणी चालू करतोय. रविवारी ठेव, तवा तिला सुट्टी असती."

पाचशे पत्रिका छापून झाल्या होत्या. प्रज्ञेशनं खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या पत्रिकेवरची तारीख खोडली.