रोशनच्या खांद्यावरचा पोपट

अमिनाभाभीच्या अल्बमात माझा नवरा हत्तीवर बसला होता आणि मी कोंबडीवर.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. चिमुरात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिचा नवरा गफ्फारभाऊ फोटो स्टुडिओ चालवायचा. धुवायला आलेल्या रोलांतले खराब निघालेले फोटो तो टाकून द्यायचा, ही उचलून आणायची. जाड कागदावर जंगल, तळं, जनावरं रंगवायची आणि फोटोतली माणसं कात्रीनं कापून त्यावर चिकटवायची. मास्तरीणबाई बगळ्यावर, किराणावाला भैयाजी अस्वलावर. दुपारी बायका जमून पोट धरून हसायच्या. मीही हसायचे. पण त्या दिवशी हत्ती पाहिला आणि त्याच्यासमोर मोरावर बसलेली अमिनाभाभी स्वतः!

माझा नवरा रोशन मोहर्लीच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवायचा, पंधरा दिवसांनी घरी यायचा. माझ्यापाशी त्याचा एक धड फोटो नव्हता. आणि इथे तो नवा शर्ट घालून दात काढून हसत होता. माझ्यापुढे असा कधी हसला होता मेला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिनं पाठवलेली सेवई गाईला घातली.

पाचव्या दिवशी तिच्या घरात शिरलेच.

"माह्या नवऱ्याचा फोटो तुह्याकडं काऊन?"

"खराब निघाला होता बाई. तूच तं मांगं लागली होती, माह्या नवऱ्याले अल्बमात काऊन नाई घेत म्हणून."

ते खरं होतं. सगळ्यांचे नवरे आहेत, माझाच नाही, म्हणून महिनाभर मीच तिचं डोकं खाल्लं होतं. पण मी कसली ऐकते! अल्बम ओढून घेतला. रोशनच्या खांद्यावर तिनं हिरवा पोपट रंगवला होता. दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर साधी चिमणी नव्हती. एवढे लाड! मी नखानं पोपट खरवडायला लागले.

"सुगंधाबाई, राहू दे. तुले माही आन हाय," ती रडकुंडीला आली.

रंग निघाला. खाली तीन बोटं होती. लाल नखपॉलिश लावलेली, एकात अंगठी, रोशनचा खांदा घट्ट धरलेली. माझी बोटं धानाच्या रोवणीत झिजलेली. त्यांना असला रंग कधी लागला नव्हता.

"कोन हाय हे?"

"मले नाई मालूम. तिले कापून मी चुलीत टाकलं. बोटं कापली असती तं भाऊचा खांदा गेला असता."

चार दिवस मी अमिनावर जळले, ते सगळं फुकट गेलं. आता जिच्यावर जळायचं तिला तोंडच नव्हतं. विचारू नये ते मी विचारलं.

"दिसाले चांगली होती?"

"नाई," अमिना म्हणाली. फार लवकर म्हणाली.