मेथी आणि गंज

शहाऐंशी सालची गोष्ट. सिंधुताईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. "पहले शुगर कम करो अम्मा, फिर ऑपरेशन," हा त्यांचा एकच पाढा. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या त्या क्वार्टरात जिच्या धाकानं पालसुद्धा भिंतीवरून सरळ चालायची, तिला आता न्हाणीत हात धरून न्यावं लागे. डोळे जाण्यापेक्षा हा हात त्यांना जास्त जाळायचा.

लेक नलू दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. एका रविवारी ती म्हणाली, "आई, गोळीसंगं मेथीदाणा घेऊन पाहा ना. आमच्या मॅडम सांगत होत्या, मेथीनं साखर हळू चढते. अन् वाढलेल्या साखरेनं अंगात आतून गंज धरते, डोळ्याच्या भिंगालेबी. मेथी त्यालेही आवरते म्हणतात."

आता सिंधुताईंच्या घरी गंज म्हणजे दूध तापवायचं भांडं. त्या उसळल्या, "माह्या पोटात कोणी गंज ठेवला वं?"

"अवं, भांडं नाही, जंग! लोखंडाले लागते तो," रामाजी हसले. नवऱ्याचा सारा जन्म प्लांटात गेलेला.

"मंग तुमी त्याले काय करता?"

"ग्रीस लावतो. थर बसला का हवा लागत नाही."

झालं! सिंधुताईंना हवं ते मिळालं. लोखंडाला ग्रीस, तर माणसाला तूप. नलू कॉलेजात गेली की त्यांनी मेथी तुपात भिजवली, कणीक भाजली, गूळ घातला आणि बाळंतिणीला देतात तसे लाडू निव्वळ हाताच्या अंदाजानं वळले. एकही वेडावाकडा नव्हता. रोज सकाळी दोन खायचे, आणि मन म्हणेल तेव्हा आणखी एक.

पुढच्या तपासणीत शुगर उतरायची सोडून चढली. डॉक्टर सगळ्यांदेखत ओरडले. सिंधुताई घरी आल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. लाडवांचा डबा नलूच्या हाती लागला तो तेव्हा.

"आई, गूळ?"

"गुळात कुठं साखर असते वं? साखर अलग, गूळ अलग!"

नलूला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. कारलं तुपात तळलं नि साखरेत घोळलं तरी कडूच राहतं म्हणतात. मेथीनं मात्र गुळाच्या नादानं कडूपणही सोडलं आणि गुणही.

नलूनं सगळं समजावलं तेव्हा सिंधुताईंनी डबा चाचपून दूर सारला. मग म्हणाल्या, "कुटून आण मेथी. नुसती."

त्या दिवसापासून ताकात मेथीची पूड, सकाळ-संध्याकाळ. तोंड असं व्हायचं की शेजारच्या रत्नमाला वहिनी बघवेना म्हणून उठून जायच्या. गोळी एकदाही चुकवली नाही, भात अर्धा केला, दिवाळीत अनारशाला बोट लावलं नाही. रामाजी एकदा हळूच म्हणाले, "जरासा गूळ टाकू का?" त्यावर न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं गेलं की ते थेट प्लांटच्या बसपर्यंत थांबले नाहीत.

थंडी सरता सरता शुगर उतरली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "गोली का भी असर है, परहेज का भी, और मेथी का भी होगा. पर असली असर तो आपकी जिद का है, अम्मा," ते म्हणाले आणि ऑपरेशनची तारीख दिली.

आधी एक डोळा झाला, मग दुसरा. पट्ट्या सुटल्या, काही आठवड्यांनी जाड भिंगाचा चष्मा आला. तो सिंधुताईंच्या नाकावर चढवून डॉक्टर समोर उभे राहिले, हात वर केला. रामाजींनी नलूचा खांदा धरला.

"बताओ अम्मा, कितनी उँगलियाँ?"

सिंधुताईंनी बोटांकडे पाहिलंच नाही. मान जराशी पुढं काढून त्या डॉक्टरांची छाती न्याहाळू लागल्या.

"उँगली रहने दो, साहब. शर्टची दुसरी गुंडी लोंबून राहिली तुमची. नलू, सुई-दोरा आण. मीच ओवीन."