लाल लादी, पंधरा फूट

लताने कार्पेटचा कोपरा उचलून पाहिला आणि लगेच सोडून दिला. खाली जे दिसलं ते पुन्हा बघायची तिची हिंमत नव्हती.

विलायतेत, ईलिंगमधल्या त्या घराचा हॉलवे पंधरा फूट लांब होता, आणि रुंदी इतकीच की समोरासमोर दोन माणसं आली तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहावं. त्यातून रोज लेकीचे, उल्काचे, चिखलाने माखलेले हॉकीचे बूट जायचे, नवऱ्याची, सुखदेवची, सायकल जायची. शिवाय महिन्याच्या पहिल्या रविवारी पुढच्या खोलीत बुद्धवंदनेला तीसेक माणसं जमायची, त्यांच्या चपला-बुटांचा ढीगही तिथेच. अशा जागी आधीच्या मालकाने फिक्या बदामी रंगाचं कार्पेट घातलं होतं. हा मालक लताला एकदा भेटायला हवा होता. चार शब्द सुनावायचे राहून गेले होते.

पण १९९३ च्या मार्चमध्ये सुखदेव म्हणाला, "बदलून टाकू एकदाचं," आणि लताच्या अंगात वारंच शिरलं. अठरा एप्रिलला, रविवारी, भीमजयंतीचा कार्यक्रम त्यांच्याच घरी होता. साठ माणसं येणार होती. नवी जमीन त्याच्या आत व्हायला हवी! हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसल्या बसल्या ती हाताला येईल त्या कागदावर हॉलवेचा नकाशा काढायला लागली.

या आनंदाला एकच गालबोट होतं. तिच्या सासूबाई, रंभाबाई, जानेवारीत मुंबईहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि दोन महिन्यांतच "मला माघारी धाडा" म्हणत होत्या. लताची आई ती नऊ वर्षांची असताना गेली होती. आता संध्याकाळी ती कामावरून आली की पर्समधून किल्ली काढायच्या आत दार उघडायचं आणि "आलीस व्हय गं?" असं ऐकू यायचं. तेवढ्या तीन शब्दांसाठी ती बसस्टॉपवरून जवळजवळ पळत यायची. रंभाबाई गेल्या तर ते दार पुन्हा तिलाच उघडावं लागणार होतं, आणि ते तिला नको होतं. अजिबात नको होतं. पण रंभाबाई दिवसभर सोफ्याच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारख्या बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "हितं मला काम काय? बसून बसून गंजले मी." परतीचं तिकीट अलीकडे ओढून ईस्टरनंतरचं करून घेऊ, असं सुखदेवने कबूलही करून टाकलं होतं.

शनिवारी सगळे दुकानात गेले. रंभाबाईंना सुट्टीच्या दिवशीही घरी एकटं कुठे ठेवायचं, म्हणून त्यांनाही नेलं. दुकानात शिरल्याबरोबर एका कुटुंबाचे तीन पक्ष झाले.

"हे घे. चॉकलेटी, त्यात बारीक ठिपके," सुखदेव एका कार्पेटवर हात फिरवत म्हणाला. "डाग दिसणारच नाहीत."

"अहो, दिसत नाही म्हणजे घाण जाते का? खालीच मुरते ती! मी म्हणते व्हिनाइल घेऊ. फडकं मारलं की झालं."

"मम, व्हिनाइल इज सो बोअरिंग!" चौदा वर्षांची, इथेच वाढलेली उल्का तिच्या मोडक्या मराठीत मध्येच. "तो ब्लॅक अँड व्हाइटवाला टाइल्स घे ना, प्लीज. माझा फ्रेंडच्या घरात आहे. एकदम पॅलेससारखा दिसतो."

"आणि ते पांढरे चौकोन रोज कोण पुसणार? तुझी फ्रेंड?"

वाद चांगला रंगात आला होता, इतक्यात दुकानाच्या मागच्या बाजूने आवाज आला. टण्ण.

रंभाबाई तिथे लाल मातीच्या लाद्यांच्या चळतीपाशी उभ्या होत्या. सहा इंची चौकोनी लादी त्यांनी डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरली होती आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने तिच्यावर ठोका देत होत्या. टण्ण. ती बाजूला ठेवली. दुसरी घेतली. टण्ण. तिसरी घेतली. थप्. ती त्यांनी दूर, वेगळी ठेवली.

पिकल्या मिशांचा विक्रेता धावत आला. रंभाबाईंनी ती तिसरी लादी त्याच्यापुढे धरली. "फुटकी हाय."

लताने इंग्रजीत सांगितलं. त्याने लादी उलटसुलट करून पाहिली, चष्मा लावून पाहिली. चीर कुठेच दिसेना. मग म्हातारीची गंमत करावी म्हणून हसत हसत त्याने ती काउंटरच्या कडेवर हलकेच आपटली, आणि लादीचे दोन तुकडे त्याच्या दोन हातांत आले. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"आजी! तुला कसं कळला?" उल्का ओरडलीच.

रंभाबाईंनी सुखदेवकडे पाहिलं. सुखदेव स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

लग्न ठरलं तेव्हा सुखदेवने लताला सांगितलं होतं, "आई कंपनीत होती." पंधरा वर्षांत तिला कधी विचारावंसं वाटलं नाही की कुठली कंपनी. आता तिने विचारलं. दर जयंतीला श्रमाच्या प्रतिष्ठेवर पंचवीस मिनिटं न थांबता बोलणारा सुखदेव यावर मात्र चळतीतल्या लाद्या मोजायला लागला.

"लादीच्या कारखान्यात," तो शेवटी म्हणाला. "बिगारी होती."

"एकोणीस वर्सं," रंभाबाई शांतपणे म्हणाल्या. "तू कंपनी म्हणून सांगितलंस, म्हणून मी गप ऱ्हायले बाबा. माझ्या तोंडातून काय निघालं तर तुला सुनेपुढं खाली बघाया नको."

म्हणजे म्हणूनच त्या हात मांडीवर ठेवून गप्प बसायच्या! लताला नवऱ्याचा असा राग आला की त्याला तिथेच फैलावर घ्यावं. पण त्याहून जास्त तिला आनंद झाला होता. सासूबाईंना इथे करमत नाही, यावर तिच्याकडे इलाज नव्हता. पण त्यांना तोंड मिटून बसवलंय, यावर नक्की होता.

"आई," ती म्हणाली, "मग आता तुम्हीच सांगा. आपण काय घालायचं?"

रंभाबाईंनी लाल चळतीवर हात ठेवला. "ही. चिखल येऊ दे, सायकल येऊ दे, साठ माणसं येऊ दे. बादलीभर पाणी मारून खराटा फिरवला की पुन्हा नवी."

तिन्ही पक्ष बिनविरोध एक झाले. पण विक्रेत्याने मान हलवली. लादी बसवणारे कारागीर मेपर्यंत मिळणार नव्हते.

"मग राहू दे," सुखदेव म्हणाला. "व्हिनाइलच घेऊ."

"कारागीर कशाला? मी हाय की!" रंभाबाई बोलून गेल्या, आणि बोलल्यावर त्याच घाबरल्या. "म्हंजी, वाहिल्यात म्या, भिजवल्यात, लोकांच्या घरी जाऊन गुडघ्यावर बसून घासल्यात. पर बसवली कधी न्हाई. थापी गड्यांच्या हातात. बाईला द्यायचे न्हाईत."

"इथे कोण अडवतंय?" लता म्हणाली आणि त्याच दुकानातून तिने थापी विकत घेतली.

ईस्टरची चार दिवसांची सुट्टी. शुक्रवारी सकाळी कार्पेट निघालं. रंभाबाई उघड्या फळ्यांवर अनवाणी चालल्या, दर दोन फुटांवर टाच आपटत, कान देत. "खालून हलतंय. यावर लादी घातली तर दोन महिन्यांत चिरा पडतील." म्हणून आधी फळ्यांवर जाड प्लायवूड ठोकायचं, वीतभर अंतरावर स्क्रू मारत. "आन् दार काढा. जमीन वर येणार, दार अडकणार." भर थंडीत सुखदेवने पुढचं दार बिजागऱ्यांतून उतरवलं आणि खालून तासलं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून थेट स्वयंपाकघरापर्यंत बघून घेत होता. लता टोपी आणि कोट घालून सगळ्यांना हात हलवत होती.

शनिवारी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. रंभाबाईंनी नऊवारीचा कासोटा घट्ट खोचला, उल्काचा जुना स्वेटर चढवला आणि थापी हातात घेतली. त्यांनी सिमेंटचा माल पसरला, लादी ठेवली, थापीच्या दांड्याने चार कोपऱ्यांवर ठोकली आणि कान खाली नेला.

टण्ण.

"बसली!" उल्का ओरडली. लताला रडू आलं आणि हसूही, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

मग काय! "सुखदेवा, माल आण. पातळ केलास, परत कर. उल्के, कडेची कापून दे. लता पोरी, च्या ठेव." तीन महिने मोजकंच बोलणारी बाई घर डोक्यावर घेत होती. दुपारी सुखदेव घमेलं घेऊन शेजारी गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "आई, माझं चुकलं."

"माल वाळतोय," रंभाबाई म्हणाल्या. पण घमेलं घेताना त्यांनी त्याच्या गालावर सिमेंटचा हात फिरवला, आणि सुखदेवने तो डाग संध्याकाळपर्यंत पुसला नाही.

सोमवारी शेवटची लादी बसली. मंगळवारी संध्याकाळी सांधे भरताना रंभाबाई लताला म्हणाल्या, "घासून आरसा केली की आमाला मागल्या दारानं काढायचे गं. पाय उठतील म्हणून. एवढ्या घरांतली लादी घासली, पर एकीवरून बी चालले न्हाई."

अठरा तारखेला पाऊस होता. पाहुणे आले, दारातच थबकले. ती लालबुंद, सरळ रेषेतली जमीन पाहून कुणाचं पाऊल उचलेना. शशिधर नावाचे एक गृहस्थ बाहेर पायरीवरच, पावसात, बूट काढायला वाकले.

"जय भीम! आत या की!" रंभाबाई दारात उभ्या होत्या. "बुटं घालूनच या. तुडवायलाच केलीय."

साठ माणसांनी हॉलवे चिखलाने भरला. वंदना झाली. सुखदेव बोलायला उभा राहिला तसे लोक पंचवीस मिनिटांच्या तयारीने मांडी ठोकून बसले.

"आज भाषण नाही," तो म्हणाला. "तुम्ही ज्या लादीवरून आत आलात, ती माझ्या आईने बसवली आहे. एकोणीस वर्षं ती लादीच्या कारखान्यात बिगारी होती. त्यावर मी शिकलो. हे मी लपवत होतो. बस, एवढंच." टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

लताने वळून पाहिलं. रंभाबाई खोलीत नव्हत्या. ती धावत स्वयंपाकघरात गेली. रंभाबाई डोळे पुसत तिथल्या जुन्या लिनोलियमवर फिरत होत्या आणि दर दोन फुटांवर टाच आपटत होत्या.

"हितंबी हलतंय," त्या म्हणाल्या. "चांगलं महिन्या-दोन महिन्यांचं काम हाय."

"आई, आणि तिकीट?" लताने श्वास रोखून विचारलं.

"कसलं तिकीट? जुलै येऊ दे, मग बघू. आधी हे लिनोलियम कधी उचलायचं, ते सांग."