परसों बॅलन्स केलेला टर्बो

मी एक जुना टर्बो आहे. हे ऐकून तुमच्यातले निम्मे जण म्हणतील, म्हणजे काय रे बाबा? बरोबर आहे तुमचं. गाडीचा रंग दिसतो, चाकं दिसतात, हॉर्न तर सगळ्या गल्लीला ऐकू येतो. मी मात्र बॉनेटखाली, अंधारात आणि उकाड्यात बसलेला असतो. दिसायला म्हणाल तर लोखंडाची गोगलगाय. पण मित्रांनो, ही गोगलगाय मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, तेव्हा दिसण्यावर जाऊ नका.

माझं काम सोपं आहे. माझ्या पोटात एक दांडी आणि तिच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो. दांडीमुळे दुसराही फिरतो, आणि तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त तर जोर जास्त. फुकट जाणाऱ्या धुरावर मी जगतो, आणि वर इंजिनाला ताकद देतो. एवढा गुणी प्राणी तुमच्या घरात तरी आहे का, सांगा.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. मला ओतलं, कातलं, घासलं. शेवटी एका बाईंनी माझ्या पंख्यावर आणि दांडीवर एक बारीकशी रेघ ओढली. रेघेला रेघ मिळाली तरच माझा तोल सांभाळला जातो. ती चुकली की लाख फेऱ्यांत मी थरथरतो, आणि थरथरता थरथरता एक दिवस तुटतो. तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्याशा रेघेचं काय कौतुक! लहान होतो, अक्कल कमी होती.

पहिली नोकरी लागली ती हैदराबादेत, एका डिझेल व्हॅनमध्ये. बेगम बाजारातून मिरची, हळद, धने भरायचे आणि कुकटपल्लीच्या दुकानांत पोचवायचे. ड्रायव्हर हिम्मतराव उदगीरकडचे होते. ते गाडी थांबवल्यावर लगेच चावी फिरवत नसत. एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवत. मालक डिझेलच्या नावानं ओरडायचा, पण हिम्मतराव म्हणायचे, पळून आलेल्या माणसाला दम तरी खाऊ द्याल की नाही? त्या एका मिनिटात माझ्या अंगातून तेल फिरायचं आणि मी निवायचो. बाजारात सगळे म्हणत, या व्हॅनसारखा जोर दुसरीला नाही. मला फार बरं वाटायचं.

हिम्मतराव गावी गेले आणि माझे दिवस फिरले. नवे ड्रायव्हर आले ते थांबले की चावी फिरवायचे. माझ्या अंगात तेल जागच्या जागी जळून काळं व्हायचं. दोन वर्षांत माझं बेअरिंग गेलं, पुढे व्हॅनही भंगारात गेली. खाजाभाई नावाच्या भंगारवाल्याने मला उचललं, पुसलं आणि यंत्रावर माझा तोल नीट करून घेतला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात त्यांनी लबाडी केली असं तुम्हाला वाटेल. तशी केली नाही. दीड वर्ष मी त्यांच्या दुकानात पडून होतो, आणि मग बेअरिंग बदलायला त्यांच्या मागे कुणीतरी मला पुन्हा उघडलं आणि घाईघाईत जोडलं. रेघ रेघेवर आली नाही. खाजाभाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

मग आलं ते वर्ष, राज्याचे दोन भाग झाले ते. शहर तेच, रस्ते तेच, पण गाड्यांच्या नंबरात आता वेगळी अक्षरं येणार होती. जुन्या पाट्या बदलायच्या की ठेवायच्या, यावर चहाच्या टपरीवर रोज वाद. मी तेव्हा खाजाभाईंकडून कुकटपल्लीला संभाजी मिस्त्रींच्या गॅरेजात फळीवर येऊन पडलो होतो. शेजारी पाट्या रंगवणारे नामदेवराव. त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. संभाजी त्यांना हसून म्हणायचे, आमचं गाव नांदेडकडचं, मी अंगणात रांगत होतो तेव्हाच आमचं राज्य बदललं, मी काही पाटी रंगवून घेतली नाही.

संभाजींची ख्याती त्यांच्या कानांची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. कुठला नट सैल, कुठलं बेअरिंग खराब, बसल्या जागी सांगायचे. आबिड्सहून, सिकंदराबादहून लोक गाड्या आणत ते या कानांसाठी.

आणि मित्रांनो, फळीवर बसल्या बसल्या पंधरा दिवसांत मला एक गोष्ट कळली. त्या कानांना बारीक आवाज येईनासे झाले होते. ट्रकचा भोंगा त्यांना ऐकू यायचा, माणसांचं बोलणंही समोरून ऐकू यायचं. पण मोबाईल वाजून वाजून बंद व्हायचा. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. पार्वतीबाई, म्हणजे त्यांच्या बायको, सांगून गेल्या की तीन शिट्ट्यांनी कुकर उतरवा, आणि वरणाचा कोळसा झाला. संभाजी म्हणाले, मी गाडीखाली होतो. गाडीखाली कुठले, माझ्यासमोर स्टुलावर बसून पेपर वाचत होते!

त्यांना स्वतःला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांना एकटं असताना दोनदा पुटपुटताना मी ऐकलंय. कान गेले म्हटल्यावर गिऱ्हाईक कशाला येईल, हीच त्यांना भीती.

अशात एका शनिवारी जयवंता आली. ही कुकटपल्लीतल्याच एका कंपनीत इंजिनिअर. तिची आई संभाजींच्या गावची, रविवारी विहारात गाठ पडायची, म्हणून ते तिचे मामा. तिने एक जुनी छोटी स्पोर्ट्स गाडी घेतली होती. दोनच माणसांची, कैरीच्या रंगाची, आत बसायचं तर आधी कमरेत वाकावं लागे. शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर घड्याळ लावून गाड्या पळवायची स्पर्धा होती, आणि तिने नाव दिलं होतं. गाडीतला मूळचा चिमुकला टर्बो पार दमला होता. त्याच्या जागी जास्त ताकदीचा हवा होता.

ती सोबत एक भलामोठा टर्बो घेऊन आली. परदेशी, चांदीसारखा लखलखीत. ऑफिसातल्या मित्रांनी सांगितलं होतं, घ्यायचा तर हाच. टेबलावर त्याच्या शेजारी मला ठेवलं तेव्हा मला माझ्या काळ्या अंगाची लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

संभाजींनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि तिला तीनच गोष्टी विचारल्या. इंजिन केवढं? धावपट्टीवर वळणं किती? आणि स्पर्धा संपल्यावर वर्षभर गाडी कुठे चालवणार? इंजिन छोटं होतं. धावपट्टीवर प्लास्टिकचे शंकू मांडून वळणामागून वळण केलेलं होतं. आणि वर्षभर म्हणाल तर घर ते ऑफिस, मुसापेटच्या सिग्नलवर ताटकळत.

मग ते म्हणाले, हा मोठ्या घरचा पाहुणा आहे. याला फिरवायला धूरही तेवढाच लागतो. तू पाय दाबशील, हा जागा होईल, तोवर तुझं वळण निघून गेलेलं असेल. त्यांनी मला उचललं. हा मधल्या अंगाचा, लगेच उठतो. डिझेलचा आहे, पेट्रोलचा धूर याला जास्त तापेल, म्हणून दाब बेताचा ठेवू. पण तुझ्या गाडीला शोभेल तो हाच.

निवड अगदी बरोबर होती. आकारात त्यांची चूक कधी झाली नाही. माझी तर छाती फुगली. मग त्यांनी माझी दांडी बोटांनी हलवून पाहिली. बेअरिंग नवं, दांडी घट्ट. आत तेल सोडलं. जयवंताने हवेची नळी धरली आणि मला फिरवलं. संभाजींनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटले.

आणि मी कण्हायला लागलो. शिट्टीच्या आतून दुसरा एक सूर निघत होता, वर चढणारा, लांबच्या सायरनसारखा. माझा तोल गेलाय, हे सांगणारा तोच एक आवाज होता. बोटांना तो कळत नाही, फक्त कानाला कळतो. संभाजी हसले आणि म्हणाले, गाणं आहे गाणं.

मला आधी आनंद झाला. निवड झाली, अंधारी फळी सुटली! मग मला धावपट्टी आठवली. त्या वेगात मी तुटलो तर माझं तेल तापलेल्या धुरांड्यावर सांडणार, गाडी पेटणार, आणि आत ही पोर. 

जयवंता घुटमळली. तिने विचारलं, "मामा, बॅलन्स चेक केलाय ना याचा?"

"खाजाभाई म्हणाला, परसोंच केलाय," संभाजी म्हणाले.

ती हसली. हैदराबादेतला परसों सगळ्यांनाच माहीत आहे. इथे परसों म्हणजे परवाही असतो, मागची दिवाळीही असते आणि निजामाचा काळही असतो. हा विनोद तिला संभाजींनीच शिकवला होता. विकणाऱ्याच्या परसोंवर विसंबायचं नाही, आपला कान लावायचा, हे त्यांचंच वाक्य. पण आज ते हसले नाहीत. उलट चिडले आणि म्हणाले, चाळीस वर्षं हेच करतोय, आता तू मला शिकव. ती ओशाळली. उद्या सकाळी बसवू, असं ठरवून निघून गेली.

दुपारी संभाजींनी मला पुन्हा टेबलावर घेतलं. हवा सोडली, कान लावला. पुन्हा सोडली. डावा कान, उजवा कान. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. शेवटी शेजारून नामदेवराव आले, हातात ब्रश तसाच.

"संभाजी, मघापासून कसला सायरन वाजवतोयस? माझी अक्षरं वाकडी जायला लागली."

संभाजींनी हळूच नळी बंद केली. नामदेवराव गेले तरी ते कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवून बसले होते. मला त्यांचा राग आला होता, तो तेव्हा गेला. घाबरलेल्या माणसाचा हात कसा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. मला गुपचूप बालानगरच्या कारखान्यात नेऊन यंत्रावर तोल करून आणणं त्यांना सोपं होतं. कुणाला काही कळलं नसतं. पण आणल्यावर तो बरोबर झाला की नाही, हे ऐकणार कोण?

सकाळी जयवंता आली तेव्हा त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. तिला समोर बसवलं.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. वर्ष झालं. हा टर्बो वाजतोय, हे मला काल नामदेवरावानं सांगितलं. तू विचारलंस तेव्हा मी परसोंच्या आड लपलो. हा बसवला असता तर तुझ्या जिवावर बेतलं असतं."

जयवंता, जाऊ द्या मामा, असं म्हणाली नाही. तिचा चेहरा उतरला.

"मला तो आवाज आला होता मामा," ती म्हणाली. "क्लिअर आला होता. पण तुम्ही हसलात, म्हणून मला वाटलं, माझाच कान चुकतोय."

संभाजींनी मान खाली घातली. म्हणाले, दुसऱ्या चांगल्या मिस्त्रीचा नंबर देतो, गाडी तिकडे ने. ती उठली. मला वाटलं, चालली. तिने भिंतीवरचा स्क्रूड्रायव्हर काढला, त्याची मूठ आपल्या कानाला लावली आणि विचारलं, यात नेमकं काय ऐकायचं असतं?

आता खरी पंचाईत. चाळीस वर्षं संभाजींनी ऐकलं होतं, पण सांगायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी शब्द शोधले. चांगला टर्बो कसा, तर दळण बारीक पडत असताना जात्याचा आवाज येतो तसा, एकसारखा. बिघडलेला कसा, तर मध्येच खडा आल्यासारखा. जयवंताने जातं कधी पाहिलंही नव्हतं. मग मिक्सर घेतला उदाहरणाला. दोघं हसली, आणि त्या हसण्यात कालचा दिवस थोडा विरघळला.

मला बालानगरच्या यंत्रावर नेलं. रेघेला रेघ मिळाली. परत आल्यावर जयवंताने कान लावला आणि संभाजी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने तीनदा ऐकलं, मग मान हलवली. तेव्हाच त्यांनी पाना उचलला.

स्पर्धेत आमचा सातवा नंबर आला. अकरा गाड्या होत्या, तेव्हा फार फुशारकी मारत नाही. पण प्रत्येक वळणावर तिने पाय दाबला आणि मी उठलो. एकदाही थरथरलो नाही.

संभाजींनी हळूहळू सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. काहींनी गाड्या दुसरीकडे नेल्या, त्याचं त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. बरेच जण राहिले. रविवारी विहारातून येताना जयवंता गॅरेजात येते आणि आठवड्याच्या इंजिनांना कान लावते. पार्वतीबाईंनी त्यांना डॉक्टरकडे नेऊन कानाचं यंत्र बसवून आणलं. आता कुकरची शिट्टी त्यांना सगळ्यात आधी ऐकू येते, आणि ती फार कर्कश आहे अशी त्यांची तक्रार असते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सारखं काय, काय म्हणत असेल तर ओरडू नका, समोर जाऊन सावकाश बोला. आणि तुम्हाला काही ऐकू आलं असेल, तर समोरचा कितीही मोठा असो, त्याच्या हसण्यावर जाऊ नका. त्या शनिवारी मी माझ्या परीने गळा फाडून ओरडलो, पण मला शब्द नव्हते. तुम्हाला आहेत. आलेला आवाज बोलून दाखवा.