दुसरी खुर्ची

इलोइलो शहरात माणूस भांडतो तेही अंगाई म्हटल्यासारखं. बाहेरगावच्याला कळत नाही, समोरचा शिव्या घालतोय की जेवायला बोलावतोय. त्यामुळे त्या सकाळी दवाखान्याच्या मालकांनी, पालाब्रिकांनी, दोक्तोरा सेफेरिनाला जे सांगितलं, ते दाराबाहेरच्या कुणालाही लाडीगोडीच वाटलं असतं.

"इन्दाय, एक शब्द तर लिहायचाय. निष्काळजीपणा. लिही, सही कर, महिनाभर माहेरी जाऊन ये. आलीस की तुझी खुर्ची आहे, तुझी पेटी आहे."

पन्नाशीच्या बाईला जो मालक इन्दाय, म्हणजे पोरी, म्हणतो, तो काहीतरी गळ्यात मारायला आलेला असतो हे सेफेरिना ओळखून होती.

"आणि नाही लिहिलं तर, नोंग?" तिनंही दादा म्हणूनच विचारलं.

"तर आज चौकशीला येणारे तिघे लिहितील. मग या शहरात तुला कुणी कुत्र्याच्या पायाचा एक्स-रेसुद्धा बघायला देणार नाही."

नदीकाठच्या त्या दवाखान्यात जहाजावर जाणारे खलाशी तपासणीला येत. छातीची फिल्म निघे, सेफेरिना ती उजेडाच्या पेटीवर लावून बघे, आणि "तंदुरुस्त" असं लिहून सही करे. तेवढ्या एका सहीवर घरं उभी राहत. निरोगी माणसाला उगाच अडवलं, तर त्याचं जहाज त्याला न घेता सुटे. आजाऱ्याला सोडलं, तर तो समुद्राच्या मधोमध आजारी पडे, वर शेजारच्या बिछान्यावरच्यालाही घेऊन बुडे. या दोन्हींच्या मधे तिला रोज एक रेघ ओढायची असे. रेघ इकडे सरकवली की तिकडचा माणूस गेला, तिकडे सरकवली की इकडचा.

गेल्या वर्षी तिनं तेरेसो पानेस नावाच्या आचाऱ्याला तंदुरुस्त म्हटलं. काही महिन्यांनी परक्या बंदरात त्याला खोकल्यातून रक्त पडलं. क्षय. जुनी फिल्म काढून बघितली, तर गळ्याखालच्या आडव्या हाडामागे सावली होती. पालाब्रिकांनी तिच्याभोवती लाल पेन्सिलीनं वर्तुळ काढलं, आणि मग ती सगळ्यांनाच दिसायला लागली. हिशेबनिसाला दिसली, पहारेकऱ्याला दिसली, झाडूवालीनं तर चुकचुकूनही दाखवलं. सेफेरिनालाही दिसली. आता तिला त्या फिल्ममध्ये दुसरं काही दिसतच नव्हतं.

ती त्याच दिवशी तेरेसोच्या घरी गेली होती. "सावली होती. माझ्या डोळ्यांपुढून गेली आणि मला दिसली नाही," एवढं तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याच्या बायकोनं, नेनितानं, तिला पाणीही विचारलं नव्हतं.

पण निष्काळजी? ती बघत होती. जीव लावून बघत होती. दिवसभर निरोगीच छात्या बघितल्या की डोळा निरोगीपणाला सरावतो, पुढचीही निरोगीच असणार असं धरून चालतो. म्हणून तर पूर्वी त्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर ती, दुसरीवर म्हातारे दोक्तोर किन्तिन. दोघांनी प्रत्येक फिल्म वेगवेगळी बघायची, आणि मत जुळलं नाही तर भांडायचं. किन्तिन निवृत्त झाले, आणि त्यांची खुर्ची पालाब्रिकांनी गल्ल्यावर नेली. "एका छातीला डोळ्यांच्या दोन जोड्या? चैन आहे! डोळ्यांत तेल घालून बघ, म्हणजे झालं."

"तेल घातलं की धुरकट दिसतं, नोंग," ती तेव्हाच म्हणाली होती. खुर्ची काही परत आली नाही.

त्या सकाळी पालाब्रिका गेल्यावर तिनं फिल्म काढणाऱ्या तेन्सिंगबाईंना मोठ्या बहिणीला मारावी तशी हाक मारली. "मानांग, स्पिरिट आणि चिकटपट्टी आणा."

"कुणाला लागलं?"

"अजून नाही लागलं. लागेल."

दोघींनी स्पिरिटच्या बोळ्यानं लाल वर्तुळ पुसून काढलं. मग कपाटातल्या जुन्या फिल्मांची चळत घेतली, सगळ्यांच्या कोपऱ्यातल्या नावांवर चिकटपट्ट्या लावल्या, आणि तेरेसोची फिल्म त्यांत सरकवली.

"अजून एक हवी," सेफेरिना म्हणाली. "दर्शनी भिंतीवरची."

तेन्सिंगबाईंनी कपाळावर, छातीवर क्रूस काढला. दर्शनी भिंतीवर चौकटीत खुद्द पालाब्रिकांच्या छातीची फिल्म टांगलेली होती. खाली लिहिलं होतं: अशी छाती हवी!

"पोरी, नोकरी तुझी जाईल ती जाईल, माझीही जाईल."

"ते स्वतःच रोज हजार माणसांना दाखवतात, मानांग. तिघांनी आणखी बघितली तर काय झिजणार आहे?"

चौकशीला आलेल्यांत मुख्य होते दोक्तोर दायोत. पांढरे केस, आणि निम्म्या प्रांताचे गुरू. बरोबर एक गप्प गप्प बेल्मोन्ते आणि याच शहरातल्या मोठ्या दवाखान्यातली तरुण अर्सेना. भिंतीशी तेरेसो बसला होता. औषधानं सुधारत होता, पण सदरा अजून दुसऱ्याचा वाटत होता. शेजारी नेनिता.

पालाब्रिकांनी मोठ्या थाटात पाकीट उघडलं. आत बोट घातलं. मग अख्खा हात घातला.

"फिल्म कुठाय?"

"या चळतीत आहे," सेफेरिना पेटीसमोर उभी राहून म्हणाली. "शोधा."

"ही चोरी आहे!"

"चोरी कसली? खोलीतच तर आहे. नोंग, तुम्हीच म्हणालात ना, आंधळ्यालाही दिसेल इतकी ठळक आहे? हे तर तिघं डोळस."

दायोत हसले. "दोक्तोरा, तू आमची परीक्षा घेणार?"

"तुम्ही माझी घ्यायला आलात, सर. पेपर तोच आहे. उलट तुमचा सोपा. यात एक आजारी आहे, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. मला तेवढंही ठाऊक नव्हतं."

म्हाताऱ्याचं हसू जरा आखडलं. पण शिष्यांसमोर नाही म्हणणार कसे? "लाव," ते म्हणाले.

तिघांनी एकमेकांना न दाखवता आपापल्या कागदावर लिहायचं ठरलं. सेफेरिना एकेक फिल्म लावत गेली. ती तेवढ्याच वेळानं काढत होती, जेवढा रोजच्या गर्दीत तिला स्वतःला मिळे. दायोत दोनदा म्हणाले, "थांब, थांब," आणि दोन्ही वेळा ती गोडीत म्हणाली, "बाहेर रांग आहे, सर." तेरेसोची फिल्म आली आणि गेली. नेनितानं नवऱ्याचा हात घट्ट धरला होता, पण तिलाही कळलं नाही कुठली ती.

"सापडला!" शेवटी दायोत म्हणाले आणि त्यांनी एक फिल्म परत लावायला सांगितली. "हा बघा तुमचा आचारी. फुप्फुसात खाली, हा गोल डाग. याला मी जहाजाच्या शिडीलासुद्धा हात लावू दिला नसता."

सेफेरिनानं कोपऱ्यातली चिकटपट्टी सोलली. खोलीत सगळ्यांनी नाव वाचलं. पालाब्रिकांनी सगळ्यांत शेवटी वाचलं, आणि त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशावर गेला.

"हेसुस-मारिया-होसेप," तेन्सिंगबाई पुटपुटल्या. "अशी छाती हवी."

बाकीचे कागद उघडले. बेल्मोन्तेंनी तेरेसोच्या फिल्मपुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि मग खोडलं होतं. अर्सेनानं लिहिलं होतं: आडव्या हाडामागे सावली, परत बोलवा.

"बघा!" पालाब्रिका कसेबसे म्हणाले. "हिला दिसली की! म्हणजे दिसण्यासारखी होती!"

"होतीच," सेफेरिना म्हणाली. "नव्हती असं मी कधी म्हटलं? तिघांत एकीला दिसली. उद्या दुसऱ्या फिल्मवर हिची सुटेल आणि सरांना दिसेल."

नेनिता उठली. आवाज अंगाईचाच. "म्हणजे कुणाचीच चूक नाही? माझा नवरा रक्त ओकला तो फुकट?"

"चूक माझीच, नेनिता. पण अशी चूक मी मारियाची शपथ घेऊनही थांबवू शकत नाही. पूर्वी या खोलीत होती त्या दुसऱ्या खुर्चीवरचे डोळे थांबवू शकतात. तेही दरवेळी नाही."

"मला तुमचा राग येतोच, दोक्तोरा."

"येऊ दे."

तेरेसो खोकला, मग बोलला. "जहाजावर दिवसभर चाखून चाखून माझी जीभ मरते. मीठ कमी की जास्त, कळत नाही. मग मी हाताखालच्याला म्हणतो, तू चाख." त्यानं पालाब्रिकांकडे बघितलं. "साध्या रश्शालासुद्धा आम्ही दोन जिभा लावतो, सेन्योर."

दायोतांनी चष्मा पुसला. "निष्काळजी हा शब्द मी लिहिणार नाही," ते म्हणाले. "लिहिला तर आधी माझ्या नावापुढे लिहावा लागेल. मात्र खुर्च्यांचा प्रश्न आमच्या हातात नाही, दोक्तोरा. तो मालकांचा."

"मग सही माझ्या हातात आहे," सेफेरिना म्हणाली. तिनं खिशातलं पेन काढून पालाब्रिकांसमोर ठेवलं आणि पेटीचा दिवा बंद केला. "एकटीनं मी आता एकही छाती तंदुरुस्त म्हणणार नाही. काढून टाकायचं तर काढा."

ओसरीत खलाशांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. कुणीतरी आतली बातमी बाहेर पोचवली असावी. कारण कुरकुर अजिबात नव्हती, नुसती शांतता होती, आणि इलोइलोत शांतता म्हणजे आरडाओरडाच.

तिघे बाहेर पडू लागले. पालाब्रिका जागचे हलले नाहीत. ते अंधारलेल्या पेटीवरच्या स्वतःच्या छातीकडे बघत होते.

"इन्दाय... तो डाग?"

तिला त्यांची दया आली. दया आली याचा थोडा रागही आला. "स्तनाग्राची सावली आहे, नोंग. मी दरवर्षी बघते. काही नाही ते."

"काही नाही ना?"

"मला तरी काही दिसत नाही."

त्या "मला तरी"वर त्यांनी दाराकडे बघितलं. "मग... ही अर्सेना आलीच आहे, तर तिला एकदा बघू दे का? तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण दोघींनी बघितलेलं बरं."

"बघू दे की. रांगेतल्या सगळ्यांच्या बघू दे, आजपासून. तुमचा नंबर त्यांच्यामागे."

"मला कुणी विचारलंय का?" अर्सेना दारातून म्हणाली, पण ती पर्स खांद्यावरून उतरवत होती.

"बसायला काय देणार तिला?" सेफेरिनानं विचारलं.

पालाब्रिका गेले आणि गल्ल्यावरची खुर्ची स्वतः उचलून घेऊन आले. ओसरीतून येताना ते काहीतरी पुटपुटत होते, अगदी हळुवार, बाळाला झोपवावं तसं. त्या शिव्या होत्या. सेफेरिनानं आपली खुर्ची सरकवून जागा केली, आणि अर्सेना टेकेपर्यंत पेटीचा दिवा लावला नाही.