राहूकाळात अडकलेला मालडबा

मी एक जुना मालडबा आहे, तळहातावर मावणारा, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझे डोके फिरलेले आहे. माझ्या जागी तुम्ही असतात, तर तुमचेही फिरले असते.

पत्रा कापून मला घडवले ते चेन्नईतल्या अड्यारच्या बाळकृष्णरावांनी. ते तंजावरकडचे मराठी, मालगाडीचे निवृत्त गार्ड. जेवणाच्या टेबलावर त्यांनी छोटे रूळ मांडले, माझी भावंडे रंगवली, नजर चांगली होती तोवर हाताने नंबर घालून पळवलीही. मी तेवढा राहिलो. बिननंबराचा डबा गाडीला जोडायचा नाही, हा त्यांचा नियम!

आधी त्यांनी घासून उमटवायची नंबराची अक्षरे आणली. कागद डब्यावर ठेवून वरून बोथट पेन्सिल फिरवली, की अक्षर उतरते म्हणे. उतरले खरे, पण चेन्नईच्या घामात ते त्यांच्याच अंगठ्यावर! मग मुलाने, कौशिकने, परदेशातून पाण्यात भिजवून बसवायची अक्षरे छापून आणली. क्षणभर भिजवायची आणि लगेच सरकवायची, इतके सोपे काम. पण राव अक्षरे बशीत टाकत आणि मग कॅलेंडर पाहत. राहूकाळ! ती अशुभ वेळ रोज वेगळी, यांच्या ध्यानात कधी राहायची नाही. झाले, दीड तास हात बांधून बसत. तोवर अक्षरांमागचा डिंक पार धुऊन जाई. दुसऱ्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने अक्षरे उडाली, की शिव्या कुणाला? समुद्राच्या हवेला! मी आतल्या आत नुसता चरफडत असे.

२००६ च्या उन्हाळ्यात एकच संच उरला. ही अक्षरे छापणारा परदेशातला छापखाना बंद पडला होता आणि काचबिंदूने रावांची नजर विझत चालली होती. दिसते आहे तोवर गाडी पुरी व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी अक्षरे बशीत टाकली, कॅलेंडर पाहिले आणि हात मागे घेतला. मला रडू कोसळायचे बाकी होते.

भाताचे पातेले घेऊन त्यांच्या पत्नी, हरिप्रियाबाई, टेबल मोकळे होण्याची वाट पाहत उभ्या होत्या.

"ऐयो, पुन्हा राहुकालम?"

"थोडं थांब गे."

"जन्मभर मालगाडीला हिरवं निशाण दाखवलात, तेव्हा राहुकालम पाहिलात काय? वेळ झाली की सोडलातच की गाडी!"

रावांनी चाचपत अक्षरे उचलली आणि माझ्या अंगावर सरकवली. शेवटचा आकडा वाकडा बसला, पण पक्का बसला. भात निवून गेला, आणि मी गाडीला जोडला गेलो.

मित्रांनो, हाती घेतलेले काम असे भिजत ठेवू नका हो! आता रावांना काही दिसत नाही. ते रुळांशी कान लावून बसतात आणि मी जवळून गेलो की विचारतात, "नंबर सरळ बसलाय न्हवे?"

"एकदम सरळ," हरिप्रियाबाई सांगतात.

तुम्ही कधी घरी आलात, तर कृपा करून तुम्हीही तेच सांगा.