आरसा धुण्याचा दिवस

या वर्षी मरगदम दाराच्या आत उभी होती.

नारळ फुटला, कापूर पेटला. पुजारी कुंकवाचं तबक घेऊन एकेकापुढून जात तिच्यापर्यंत आला आणि थांबला. तिनं चिमूटभर कुंकू उचललं. कपाळाला लावलं, भांगात लावलं आणि मग गळ्यातल्या हळदीच्या दोऱ्याला, लग्नाची ताली लोंबत होती तिथं, जरा जास्तच लावलं. मागून कुणीतरी खोकलं. तिनं वळून पाहिलं नाही. केसांत अबोलीचा गजरा होता आणि तोही तिनं हातभर लांब घातला होता. मला मनातून फार बरं वाटलं.

मी वेधशाळेचा ड्रायव्हर. डोंगराखालच्या तिरुपत्तूरहून माणसं, भाजी आणि शुद्ध पाण्याचे कॅन वर आणायचे हे माझं काम. वर्षातून एकदा, ढगांमुळं दुर्बीण बंद असते त्या दिवसांत, तिचा मोठा आरसा खाली उतरवतात. त्याच्यावरचा अल्युमिनियमचा जुना मुलामा सोड्याच्या पाण्यानं काढायचा, काच धुवायची, मग आरसा टाकीत घालून आतली हवा ओढून घ्यायची आणि नवा मुलामा चढवायचा. त्या दिवशी माझ्या खेपा वाढतात. पाणी पोचवलं की बघायला थांबायची मला मोकळीक असते, आणि मी थांबतोच.

आरसा उचलण्याआधी पूजा. पूजेला विधवा चालत नाही. आणि पूजा झाली की काच धुवायला विधवाच लागते. या दोन गोष्टी एकाच दारातून आत-बाहेर करतात आणि आमच्या डोंगरावर कुणाला त्यात काही खटकत नाही.

हे सुरू झालं एका अंगठीपासून. पूर्वी एका फिटरच्या बोटातल्या अंगठीनं आरशावर लांब ओरखडा उमटला. तो अजून आहे. तेव्हापासून हेडमेकॅनिक दुरैकण्णूनं नियम केला की धुणाऱ्याच्या अंगावर धातूचा कणसुद्धा नको. पुरुषांच्या बोटांत अंगठ्या, कमरेला करगोटा, दंडाला ताईत. बायकांच्या गळ्यात ताली, हातांत बांगड्या, पायांत जोडवी, आणि त्या का काढतील? त्याच सुमारास मरगदमचा पहिला नवरा घुमटाच्या शिडीवरून पडून मेला. त्याच्या जागी तिला झाडूकामाला घेतलं. तो गेल्यावर दहाव्या दिवशी बायकांनी तिला घेरून बसवलं होतं. बांगड्या फोडल्या आणि ताली काढून दुधाच्या वाटीत टाकली. म्हणजे सगळं आधीच उतरवलेली बाई दुरैकण्णूला आयतीच मिळाली.

तिचा हातही तसाच निघाला. आरशावर आडवी फळी टाकतात. तिच्यावर पालथं झोपायचं आणि कापसाचा ओला बोळा काचेवरून ओढत न्यायचा. दाबायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनानं जाऊ द्यायचा. दुरैकण्णूनं नऊ वर्षांत दुसरं कुणी तयार केलं नाही. फुकटची सोय असल्यावर माणूस कशाला डोकं चालवतो?

कलियपेरुमाळ मुलामा चढवायच्या टाकीवर काम करायचा. पंपाला कान लावून बसणारा, चाळिशीतला, बायको गेलेला. मरगदम काच धुवायची आणि तो तिच्यावर चकाकी चढवायचा, असं त्यांचं वर्षातून एकदा जवळून भेटणं. टाकी उघडली की दोघंही वाकून आत बघायची. एकदा तो तिला म्हणाला ते मी ऐकलं.

"तुझं तोंड मला वर्षातून एकदाच नीट दिसतं बघ."

"मग वर्षभर काय दिसतं?"

"डोक्यावरचा पदर आणि झाडू."

ती हसली, आणि नंतर कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं बघत बसली.

त्यांचं ठरलं ते सत्यवती मॅडमच्या व्याख्यानानंतर. मॅडम म्हणजे आमच्या इथल्या मोठ्या शास्त्रज्ञ, बिनलग्नाच्या, कामाला वाघीण. शनिवारी दुपारी शाळांच्या सहली येतात, त्यांना त्या हॉलमध्ये ताऱ्यांची गोष्ट सांगतात. मरगदम मागच्या बाकांखालचे कागद वेचत होती, मी पंख्याखाली बसलो होतो.

"तारा जन्मतो, जगतो, म्हातारा होतो आणि मरतो," मॅडम सांगत होत्या. "पोटात हायड्रोजन जळतो तोवर त्याचं बरं चाललेलं असतं. जेवढा तारा मोठा तेवढा उधळ्या. तो भपक्यात जळतो आणि लवकर संपतो. लहान तारा पुरवून पुरवून खातो. आपल्या सूर्यासारखा मधला तारा शेवटी फुगतो, लाल होतो, वरची सालं सुटून जातात आणि आत पांढरा निखारा उरतो. पृथ्वीएवढाच, पण वजन सूर्याच्या जवळपास. त्याच्यात आता काही जळत नाही. तो नुसता निवत जातो."

मग त्यांनी जोडताऱ्यांचं सांगितलं. दोघं एकमेकांभोवती फिरतात. त्यातला एक आधी मरतो. मेला तरी त्याची ओढ सुटत नाही. दुसरा फार जवळ असला तर मेलेला त्याच्या अंगावरचा वायू ओढून घेत राहतो.

मागून मरगदमनं विचारलं, "मॅडम, जिता आहे त्यानं सुटून जायचं नाही का?"

पोरं वळून बघायला लागली. मॅडमना प्रश्न आवडला. "स्वतः होऊन नाही जाता येत. पण कधीकधी ओढून ओढून त्या मेलेल्याचाच स्फोट होतो. मग दुसरा सुटतो. असा भरधाव सुटतो की पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही."

"एकटाच?"

"एकटाच."

बाहेर आल्यावर मरगदम मला म्हणाली, "अण्णा, माझी सासू आहे ती. पांढरा निखारा. पगाराच्या दिवशी बरोबर दारात बसते."

मी हसलो. तीही हसली, पण लगेच थांबली. "एकटंच सुटायचं असेल तर काय उपयोग? तेवढं एकटं आत्ताही आहे मी." त्याच आठवड्यात तिनं कलियपेरुमाळला होकार दिला. मला म्हणाली, पूजेला आत उभं राहायचं आहे. बाकी कसलीच हौस नाही.

लग्न डोंगरावरच्या मुरुगनच्या देवळात आवणी महिन्यात झालं. माणसं मोजकीच. पहिली गाठ कलियपेरुमाळनं बांधली. पुढच्या दोन गाठी नणंदेनं मारायच्या असतात, त्या त्याची थोरली बहीण वडिवू हिनं मारल्या. तोंड आंबट करून मारल्या, पण मारल्या. आठवडा झाला नाही तोच आरशाचा दिवस आला.

तर आता पूजा संपली होती. आरसा खाली येऊन गाड्यावर बसला होता. फळी टाकली होती. दुरैकण्णूनं तिला रबरी हातमोजे दिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ते काढून ठेव."

"काय?"

"गळ्यातलं. बांगड्या, जोडवी. गजरापण काढ, फूल पडेल काचेवर. आणि कुंकू पुसून टाक, त्याची भुकटी झडते."

मग तिनं बांगड्या उतरवल्या. जोडवी काढताना खाली बसली, पाय ओले करून काढली. गजरा सोडून खिडकीत ठेवला. पदरानं कपाळ पुसलं.

"मामा, ताली राहू दे. पाठीवर टाकते. वरून कापडानं घट्ट बांधते. फडक्यावर फडकं बांधते."

"पालथी झोपणार तू. सुटली म्हणजे?"

"नाही सुटणार."

"अंगठीवालाही हेच म्हणाला होता."

"मग दुसऱ्या कुणाला सांगा."

"कुणाला सांगू? टाकी तयार ठेवली आहे. पाणी आलं आहे." त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं, जणू पाणी आणून मीच गुन्हा केला होता. "तुझ्याशिवाय हात आहे का कुणाचा?"

मी म्हणालो, "दुरै अण्णा, कापडानं बांधली तर काय होतंय? वरून माझा टॉवेल घ्या हवा तर."

"तू गाडीचं बघ."

मॅडम पुढं आल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मी आधीच सांगतो. त्यांनी स्वतःच्या गळ्यातली साखळी काढली, कानातलं काढलं, खिशात टाकलं. "हे बघ मरगदम, मी पण काढलं. तासादोनतासाचा तर प्रश्न आहे. धातूच तो, त्यात काय आहे एवढं?"

मरगदमनं त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, आता ही बोलणार. पण ती कलियपेरुमाळकडं वळली. सगळेच वळले.

तो पंपाजवळ उभा होता. हातात पाना होता. आदल्या दिवसापासून त्यानं टाकी घासून पुसून तयार केली होती, आणि आज आरसा टाकीत चढला नाही तर सगळं पुन्हा करायला लागणार होतं. तो दुरैकण्णूकडं बघून मग खाली बघत म्हणाला, "काढ. संध्याकाळी परत बांधतो."

"तू काढ मग," ती म्हणाली.

"मी कसा काढू?"

"बांधली तूच ना?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही. शेवटी तिनं स्वतःच दोन्ही हात मानेमागं नेले. गाठी नव्या होत्या, सुटेनात. वडिवूनं घट्ट मारल्या होत्या. मरगदम उभ्या उभ्या नखांनी गाठी उकलत राहिली आणि आम्ही सगळे बघत राहिलो. मला कुणाच्या तरी कानशिलात द्यावीशी वाटत होती, पण कुणाच्या ते ठरेना. दोरा सुटला. तिनं तो गुंडाळून कलियपेरुमाळच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

मग ती फळीवर झोपली आणि तिनं काच धुतली. इतकी सुंदर यापूर्वी कधी धुतली नव्हती. आतून बाहेर, आतून बाहेर, बोळा बदलत, घाई न करता. जुना मुलामा सुटून वाहून गेला आणि खाली नुसती काच उरली, पलीकडची फरशी दिसावी अशी. दुरैकण्णू कंदील धरून डाग शोधत होता. एकही सापडला नाही.

"सोन्याचा हात आहे," तो म्हणाला.

दुपारभर टाकीतली हवा ओढली जात होती. संध्याकाळी ती उघडायची तेव्हा पुन्हा छोटी पूजा असते. तोवर वडिवू खालच्या बसनं वर आली होती, भावाच्या घरी नवी भांडी घेऊन. दारातच तिला सगळं कळलं. अशा गोष्टी पोचायला गाडी लागत नाही.

कलियपेरुमाळनं खिशाचं बटण काढलं. "अक्का, टाकी उघडायच्या आधी बांधून घेऊ. चल, दोन गाठी मार."

वडिवूनं हात पदराखाली घेतले. "मी मारलेली गाठ तिनं आपल्या हातानं सोडली. नवरा समोर जिवंत उभा असताना. पहिल्याची बायकांनी काढली होती, तुझी हिनं स्वतःच काढली. मी परत हात लावायची नाही."

"मीच सांगितलं काढायला."

"मग तूच तुझं आयुष्य मोजून ठेवलंस."

त्याचा चेहरा उतरला. तो घाबरला, हे मला स्पष्ट दिसलं. मोठमोठ्या पंपांशी झटणारा माणूस, एका वाक्यानं घाबरला.

"एकट्यानं बांध," मरगदम म्हणाली. "तिन्ही गाठी तूच मार. मला चालेल."

"तसं नसतं गं." त्यानं खिशावर हात ठेवला. "पंचांग बघू. उद्या पुरट्टासी महिना लागतो, त्यात तर लग्नकार्य नाहीच. त्याच्या पुढच्या ऐप्पसीत एखादा चांगला दिवस बघू. घाई काय आहे?"

"घाई," ती म्हणाली.

टाकीचं झाकण वर गेलं. आरसा नव्यानं चकाकत होता. त्यात छताचे दिवे दिसत होते, वाकलेली तोंडं दिसत होती. मॅडमचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "हजारो वर्षांपूर्वी निघालेला उजेड आता यात पडणार. त्यातले काही तारे आज असतीलच असं नाही." कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पुजाऱ्यानं कापूर पेटवला आणि तबक फिरवायला घेतलं. मरगदम सकाळच्याच जागी उभी होती, दाराच्या आत, मॅडमच्या शेजारी. तिनं केस नीट केले होते. तबक जवळ आलं तसा तिनं हात पुढं केला.

पुजाऱ्यानं तिच्या गळ्याकडं बघितलं. मग तबक तिच्या हातावरून पलीकडं नेऊन मॅडमपुढं धरलं. मॅडमच्या गळ्यातही काही नव्हतं, साखळी अजून खिशातच होती. त्यांनी आरशाकडं बघतच कुंकू लावून घेतलं. तबक पुढं कलियपेरुमाळकडं गेलं. त्यानं डावा हात खिशावर धरून उजव्या हातानं कपाळाला बोट टेकवलं.

मरगदमचा हात थोडा वेळ तसाच पुढं होता. मग तिनं तो मागं घेतला, खिडकीतला सुकलेला गजरा उचलून कापसाच्या बोळ्यांच्या बादलीत टाकला आणि बादली घेऊन दाराबाहेर, पायरीच्या डाव्या अंगाला, दरवर्षी उभी राहायची तिथं जाऊन उभी राहिली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं.